टाळ न थांबवणारी दिंडी

आळंदीहून पंढरपूरला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोचते, तेव्हा लगेच कुणी पाठ टेकत नाही. दिवसभर चाललेल्या दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, पालखी मधोमध येते आणि टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ उठतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतो, 'होऽऽ' अशी आरोळी देतो आणि तो सगळा गजर एका क्षणात बंद पडतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तेवढाच आवाज उरल्यामुळे तो कुठून येतोय हे शोधावं लागत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात. चालण्याच्या क्रमात कुणी मध्येच घुसलेलं असतं, राहुट्यांच्या जागेवरून कुरबुर झालेली असते, कुठे पाणी पोचलेलं नसतं. त्याचा तिथल्या तिथे निवाडा होतो किंवा कुणी लक्ष घालायचं ते ठरतं, आणि टाळ थांबतो. मग वाटेत हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या कधी निघायचं ते सांगितलं जातं, आणि त्यानंतरच आरती होते. या सगळ्याला मिळून समाजआरती म्हणतात.

तक्रार आधी आणि आरती नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. बारीकसारीक गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत, सोबतच्या माणसाची किंमत ओळखावी, हा उपदेश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो खोटा नाही, पण त्यात सगळा भार एकट्या माणसाच्या मनावर टाकलेला असतो. ज्याला जमलं नाही त्याचं मन कोतं ठरतं. वारीचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. लहान चिंता माणसाच्या हातून सुटते ती तिला बोलून दाखवायची जागा असली, ऐकणारं कुणी नेमलेलं असलं आणि तिचा विषय संपवण्याची वेळ ठरलेली असली म्हणजे. आणि शेजारच्या माणसाबद्दलचा आदर रोजच्या एखाद्या कृतीत बांधून ठेवला तर तो टिकतो, केवळ भावनेवर सोडला तर टिकेलच असं नाही. वारकऱ्यांनी हे दोन्ही रिवाजात बसवलं, आणि ते बसवताना त्यांना आपसातल्या भांडणांचा चांगलाच अनुभव होता.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला जाऊन ज्ञानोबांच्या पादुकाही त्याच पालखीत ठेवल्या आणि दोघांची एकत्र वारी सुरू केली. ही एकत्र पालखी जवळजवळ दीडशे वर्षं चालली. पुढे देहूकरांच्या घराण्यात हक्क आणि मानपानावरून वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालख्या वेगळ्या निघू लागल्या. आळंदीच्या स्वतंत्र सोहळ्याचं वर्ष साधारण 1832 धरतात. तो उभा करणारे हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले लष्करी गृहस्थ. छावणी कशी हलते, हजारो माणसं एका तळावर कशी उतरवायची, हे त्यांना ठाऊक होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, वासकरांसारखे फडकरी सोबत आले. दिंड्यांना क्रम मिळाला, काही पालखीच्या रथापुढं, काही रथामागं. निघायची वेळ कर्ण्यावर बांधली गेली: पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या रस्त्यावर उभ्या, तिसऱ्याला पालखी हलते. परंपरा या सगळ्या शिस्तीचं श्रेय हैबतबाबांना देते. आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीशी त्यांचं स्मरण आजही जपलेलं आहे.

इथे एक आक्षेप येणारच. वारकरी कुरबुरी विसरतो तो विठ्ठलाच्या ओढीनं, त्यात शिस्तीचं आणि चोपदाराचं काय कौतुक? पण हाच इतिहास या आक्षेपाचं उत्तर देतो. पालखी दुभंगली तेव्हा श्रद्धा कमी झाली होती असं म्हणायला कुठलाही आधार नाही. देव तोच होता, वाट तीच होती, अभंग तेच होते, आणि तरीही माणसं वेगळी झाली. नुसत्या भक्तीनं मानपानाचे तंटे मिटत असते तर ते सर्वांत आधी तुकोबांच्या घरी मिटले असते. हैबतबाबांच्या सोहळ्यात श्रद्धेला जोड मिळाली ती अशा व्यवस्थेची, जी माणसं भांडणार हे गृहीत धरते. दिंडी क्रमांकावरून वाद होणार हे माहीत असल्यामुळेच क्रमांक ठरवले गेले. तळावर धुसफूस होणार हे माहीत असल्यामुळे रोज संध्याकाळी ती ऐकण्याची सोय ठेवली गेली. कालची तक्रार आज पुन्हा घोळवत चालायचं कारण उरत नाही, कारण काल ती सगळ्यांच्या देखत ऐकली गेलेली असते. निकाल प्रत्येकाच्या मनासारखा लागतो असं नाही. पण ऐकून घेतलेल्या माणसाचा राग आणि न ऐकलेल्या माणसाचा राग यांत किती अंतर असतं, हे ज्यानं घर चालवलंय त्याला सांगायला नको.

आता दिंडीच्या आत डोकावून पाहू. पुढे भगव्या पताका, मध्ये टाळकरी, मृदंगी, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, डोक्यावर तुळस आणि पाण्याची घागर घेतलेल्या बायका. जेवणखाण भिशीवर चालतं. सगळ्यांनी मिळून शिधा आणि पैसे जमा करायचे आणि एका चुलीवर रांधायचं. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता, पुण्यातला मुक्काम, दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरेचं स्नान, लोणंद, फलटण, माळशिरस असा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. हे दिवस पेरणीच्या आगेमागे येतात. घरून निघालेल्या शेतकऱ्याच्या डोक्यात पाऊस असतो, बियाणं असतं, देणं असतं. त्या मोठ्या काळज्या चालून सुटत नाहीत, आणि वारी तसा दावाही करत नाही. पण त्यांच्यावर जो बारक्या काचांचा थर साचतो, कुणी काय बोललं, कुणी मान दिला नाही, कुणी जागा अडवली, तो दिंडीत धरून ठेवणं परवडत नाही. पायाला फोड आल्यावर तेल लावून देणारा, घाटात बोचकं उचलणारा, रात्री पावसात पालाचा दोर आवळणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, ज्याच्याशी सकाळी पाण्यावरून वाजलेलं असतं.

अशा माणसाच्या पाया पडायची रीत वारकऱ्यांत आहे, आणि ती एकतर्फी नाही. दोघे वारकरी भेटले की दोघेही वाकतात. वयानं लहान कोण, मोठा कोण, याचा हिशेब तिथे लागत नाही. नाव ठाऊक नसलेल्याला 'माउली' म्हणून हाक मारायची. गर्दीत वाट मागायची तीही 'माउली, माउली' करत. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हाचा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. वीणा खाली टेकवायची नाही असा दंडक. त्यामुळे देणारा आणि घेणारा अगदी समोरासमोर येतात, एकाच्या मानेवरून पट्टा निघून दुसऱ्याच्या मानेवर बसतो, सूर चालूच असतो, आणि मग दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात. थकलेल्याला कमीपणा नाही आणि ताज्या दमाच्याला मोठेपणा नाही. वारीचा शेवटही अशाच एका कृतीनं होतो. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, लाह्या-दही एकत्र कालवून माणसं एकमेकांच्या तोंडात घास घालतात. यात कुणाला आधी मनातून प्रेम वाटावं लागतं अशी अट नाही. आधी घास भरवायचा, मन मागून आलं तरी चालतं. मला यात माणसाच्या स्वभावाची मोठी जाण दिसते.

पण याच घासापाशी सगळ्यात जड आक्षेप उभा आहे, आणि तो टाळून वारीवर लिहू नये. इरावती कर्व्यांनी दिंडीबरोबर चालून 'वाटचाल' हा लेख लिहिला, तो 'परिपूर्ती' या संग्रहात आहे. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र गात चालतात आणि जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि त्याची खंत नोंदवली. दलितांच्या दिंड्या तर बराच काळ क्रमांकाच्या रांगेतच नव्हत्या, त्या घोड्यांच्याही पुढे वेगळ्या चालत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चौदाव्या शतकातल्या संत चोखामेळ्याची, म्हणजे चोखोबांची, समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. अस्पृश्यांना आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे ते दार उघडलं. रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं आणि जिथे भक्ताला देवापासून लांब उभं राहावं लागतं ती पंढरी आपल्याला नको, असं बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितल्याची हकीकत धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. पुढे 1948 साली अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबांचा मान ठेवायचा, पण चोखोबांनी सोसलं ते आपण सोसायचं नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

या आक्षेपानं माझं म्हणणं खोडलं जात नाही, पण त्याला सीमा घातली जाते, आणि ती सीमा स्पष्ट सांगणं मला आवश्यक वाटतं. किरकोळ काय आणि गंभीर काय हे ठरवतं कोण? समाजआरतीत टाळ चालू ठेवण्याचा अधिकार दिंडीला असतो, म्हणजे आधी दिंडी रांगेत असावी लागते. जी रांगेतच नाही तिची तक्रार ऐकायला कुणी जात नाही, तिचा टाळ सगळ्या कल्लोळात विरून जातो. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाच 'एवढं मनावर घेऊ नका' असं सांगणं हा सोडून देण्याच्या उपदेशाचा सर्वांत वाईट वापर आहे, आणि आपल्या समाजानं तो शतकानुशतकं केला. म्हणून वारीकडून शिकायचं ते दोन्ही बाजूंनी: तंबूच्या जागेवरची कुरबूर त्याच संध्याकाळी मिटवण्याची पद्धत तिच्याकडून घ्यावी, आणि बंद दारासमोरचं दुःख कुरबुरीच्या यादीत टाकण्याची चूक तिच्याच इतिहासातून ओळखावी. साने गुरुजी वारकऱ्यांच्याच भाषेत बोलत होते, भागवत धर्माच्याच नावानं दार उघडा म्हणत होते. त्यांना विरोध करणारेही त्याच धर्माचं नाव घेत होते. व्यवस्था माणसांना जोडते हे खरं, पण ती कुणाकुणाला माणसांत धरते हा प्रश्न तिला बाहेरून विचारावा लागतो.

राहिला शेवटचा आक्षेप, की हे सगळं दोन-तीन आठवड्यांचं आहे, घरी गेल्यावर बांधावरची भांडणं पुन्हा तशीच. यात तथ्य आहे. मात्र वारी दरवर्षी येते, आणि बरीचशी माणसं त्याच दिंडीत, त्याच माणसांबरोबर, कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पुढच्या वर्षी ज्याच्या शेजारी चालायचं आहे त्याच्याशी वर्षभर अबोला धरणं अवघड जातं. शिवाय वारीतला रिवाज वाटेवरच राहत नाही. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, रात्री-अपरात्री पहारा बदलतो तेव्हा तेच पाया पडणं असतं, आणि शेवटी काल्याचं कीर्तन व गावजेवण. या रिवाजाची किंमत तो खंडला तेव्हा कळली. 2020 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीच्या बसमधून पंढरपूरला नेल्या, 2021 मध्येही तसंच करावं लागलं. पादुकांची विठ्ठलाशी भेट त्या दोन्ही वर्षी चुकली नाही. चुकली ती तळावरची संध्याकाळ. नुसतं दर्शन हाच वारीचा सगळा अर्थ असता, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरला पोचली तेव्हाच पायी वारी ओसरू लागली असती. तसं झालं नाही. 2022 साली बंधनं उठली आणि दिंड्या पुन्हा आपापल्या क्रमांकानं रस्त्यावर आल्या.