भाग सातवा : कात्रीची वाट

आजची गोष्ट आहे गुदाशयाच्या कर्करोगाची. विषय थोडा अवघड आहे, घरात मोठ्याने बोलला जात नाही. म्हणूनच बोलू या.

मी लहान होतो तेव्हा इंदूरच्या माझ्या मामांचं हे ऑपरेशन झालं. मामा गणेशोत्सवात पेटी वाजवायचे. ऑपरेशननंतर पोटावर कायमची पिशवी आली आणि मामा मंडपात शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसू लागले. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्या पिशवीमागे मोठा इतिहास आहे. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी आपल्याच ५७ रुग्णांचा हिशेब मांडला, तर ५४ जणांचा आजार परतला होता. मग १९०८ मध्ये त्यांनी नवी शस्त्रक्रिया जाहीर केली. पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी जाऊन गुदाशय गुदद्वारासकट काढायचा आणि शौचाची वाट पोटावर करायची. त्यातून माणसं वाचू लागली, पण आयुष्यभराची पिशवी ही त्याची किंमत होती.

तरीही आजार ओटीपोटात परत यायचा. बिल हील्ड हे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावचे सर्जन. त्यांना प्रश्न पडला, की तो परत येतो कुठून?

गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. गर्भात दोन्ही एकत्रच घडतात. जुन्या पद्धतीत सर्जन खोल ओटीपोटात हात घालून अंदाजाने ते सोडवायचे. त्यात आवरण फाटायचं आणि तुकडे मागे राहायचे. १९८२ मध्ये हील्ड आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचं वर्णन छापलं. गाठीच्या खालच्या कडेपासून कित्येक सेंटिमीटर खाली, या चरबीत कर्करोगाचे बारीक ठिपके सापडले होते.

मग उपाय काय? संत्र्याची फोड आठवा. पापुद्रा शाबूत ठेवून सोडवली तर थेंब सांडत नाही. पापुद्रा फाटला की रस हातभर होतो. मेसोरेक्टम आणि ओटीपोटाची भिंत यांच्यामध्ये विरळ तंतूंची एक फट असते. डोळ्यांनी नीट बघत, कात्रीने, त्या फटीतूनच जायचं आणि अख्खं आवरण सबंध काढायचं. हील्ड त्या फटीला 'होली प्लेन' म्हणत.

१९८६ मध्ये त्यांनी ११५ रुग्णांचे निकाल छापले. पाच वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण होतं २.७ टक्के! तेव्हा अनेक ठिकाणी दर चार-पाच रुग्णांत एकाचा आजार परतत असे. त्यामुळे शंका आल्याच. सोपे रुग्ण निवडले असतील, असं लोक म्हणाले. त्याच वर्षी लीड्सचे फिलिप क्वर्क यांनी काढलेल्या ५२ गुदाशयांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १४ मध्ये कर्करोग थेट कापलेल्या बाजूच्या कडेपर्यंत पोचला होता, आणि त्यातल्या बहुतेकांचा आजार परतला. म्हणजे दोष फक्त रोगाच्या स्वभावात नव्हता, कात्री कुठून गेली त्यातही होता.

पण एका माणसाचं कसब इतरांना शिकवता येतं का? खरी परीक्षा ही होती. नव्वदच्या दशकात हील्ड स्टॉकहोमला गेले आणि तिथल्या सर्जनांना त्यांनी शस्त्रक्रिया करून दाखवल्या. २००० मध्ये निकाल आले. दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ६ वर आलं. गुदद्वार काढावं लागण्याचं प्रमाण निम्म्याहून अधिक होतं, ते २७ टक्क्यांवर आलं. तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती, हे लक्षात ठेवू या. तरी फरक मोठा होता. पुढे २००१ मध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या १८६१ रुग्णांच्या चाचणीत दिसलं, की हीच शस्त्रक्रिया केली तर आजार परतण्याचं प्रमाण ८.२ टक्के, आणि आधी थोडे दिवस किरणोपचार दिले तर २.४.

या इतिहासात नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. आपल्याच कामाची नोंद ठेवणारे, दुसऱ्याला ती तपासू देणारे आणि वय झालं तरी शिकायला बसणारे डॉक्टर आहेत.

मामांची गाठ कदाचित इतकी खाली असेल की आजही पिशवी टळली नसती. तशी वेळ आजही अनेकांवर येते. पिशवी म्हणजे वाचलेला जीव. ती लावलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याला पुढच्या रांगेत बसवा. मामांच्या बाबतीत आम्हाला तेवढंही सुचलं नाही.

भेटू पुढच्या भागात.