बांधावे की विकत घ्यावे? दलाल स्ट्रीट, १९९४-९५

१/
नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. जमिनीचा उतार कुठे, पाणी कुठे अडेल, कोणती शेते भिजतील, हे कोहळी समाज जाणून होता. आपल्या गरजेच्या मापाने आपणच घडवायचे, ही एक रीत. अन्यत्र पारखलेली वस्तू विकत आणायची, ही दुसरी. या दोन रीतींचा सामना सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मुंबईने पाहिला.

२/
१८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात (बीएसई) शतकाहून अधिक काळ सौदे तोंडी होत. रिंगणात दलाल भाव पुकारत, हातवारे करत आणि सौदा वहीत टिपून घेत. प्रत्यक्षात कोणता भाव लागला, हे बाहेरच्या गुंतवणूकदाराला पडताळणे कठीण होते. १९९२च्या रोखे घोटाळ्याने या व्यवस्थेवरील विश्वास डळमळला. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराची (एनएसई) स्थापना झाली.

३/
एनएसईकडे रिंगण नव्हते आणि जपण्याजोगी जुनी रीतही नव्हती. डॉ. आर. एच. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने अमेरिकेतील टीसीएएम कंपनीचे तयार सॉफ्टवेअर घेतले व भारतीय गरजेनुसार त्यात फेरफार करून घेतले. हीच ‘नीट’ प्रणाली. उत्तम भावाच्या ऑर्डरला प्राधान्य. भाव समान असल्यास आधी आलेली ऑर्डर आधी. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे व्यवहार सुरू झाले.

४/
बीएसईने सीएमसी या भारतीय कंपनीकडून स्वतःची प्रणाली घडवून घेतली. १४ मार्च १९९५ रोजी ‘बोल्ट’ सुरू झाली. जॉबरांनी खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव देण्याची जुनी पद्धत तिच्यात सामावून घेण्यात आली होती.

५/
वर्षभराच्या आतबाहेर एनएसईने उलाढालीत बीएसईला मागे टाकले. याचे श्रेय केवळ सॉफ्टवेअरला देणे अन्यायाचे ठरेल. व्हीसॅटमुळे एनएसईचे पडदे मुंबईबाहेरच्या शहरांत पोहोचले. ‘बोल्ट’ आरंभी मुंबईपुरती मर्यादित होती.

६/
तरीही निवडीचा तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. तयार प्रणाली घेणाऱ्याला आपली रीत तिच्याप्रमाणे वळवावी लागते. एनएसईला वळवण्याजोगे जुने काही नसल्याने ही किंमत अल्प पडली. बीएसईच्या सभासदांची उपजीविकाच जुन्या रीतीवर उभी होती. म्हणून तिला मापाचा अंगरखा शिवून घ्यावा लागला, आणि त्यात जुन्या सवयीही शिवल्या गेल्या. पुढे २०१४ साली बीएसईनेही जर्मनीच्या ड्यूश बोर्सचे तंत्रज्ञान स्वीकारून ‘बोल्ट प्लस’ आणली.

७/
मग मापाने घडवणे चूकच का? पूर्व विदर्भातील तलाव याचे उत्तर देतात. ते पिढ्यानपिढ्या टिकले, कारण ज्यांची शेते त्या पाण्यावर भिजत, तेच गाळ काढत आणि पाळ सांभाळत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. लोक आजही त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. देखभालीची जुनी साखळी तुटल्यावर त्यांपैकी अनेक गाळाने भरले. सॉफ्टवेअर घडवून घेणाऱ्या संस्थेनेही पहिल्याच दिवशी विचारावे: घडवणारे निघून गेल्यावर याचा गाळ कोण काढणार?