मिलो, मका आणि 'गुरांचे खाद्य'

महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळाविषयीच्या आठवणींत रेशनच्या दुकानातील लाल 'मिलो'चा उल्लेख हमखास येतो. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी. 'तिकडे गुरांना घालतात ते आम्हांला खायला दिले', हा त्या आठवणींतला सल. या वाक्यात तथ्य किती, हे पाहायचे तर मिलोच्या अमेरिकेतील इतिहासाकडे वळावे लागते.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे काही वाण टेक्सास-कॅन्ससच्या कोरड्या मैदानांत रुजले. त्यांना मिळालेली नावे बोलकी आहेत : 'मिलो मेझ', 'काफिर कॉर्न'. दोन्हींत मका आहे. नवे धान्य मक्याच्या नात्याने ओळखले गेले आणि मक्याच्याच मापाने मोजलेही गेले. आयोवा-इलिनॉयच्या पाणीदार जमिनीत मका पिके व त्यावर मांसाची गुरे पोसली जात. जिथे मका करपे, तिथे ज्वारी पाने गुंडाळून पावसाची वाट पाहत तग धरी.

हे मोजमाप निव्वळ पूर्वग्रहाचे नव्हते. दोन्ही धान्यांत मुख्य अंश पिष्टाचा. परंतु ज्वारीतील पिष्टकण प्रथिनांच्या घट्ट जाळ्यात अडकलेले असतात. अखंड दाणा बराचसा न पचता शेणावाटे पडतो, आणि नुसती भरडलेली ज्वारी वजनवाढीत मक्याच्या मागे राहते. १९६० च्या दशकात दाणा वाफवून रुळांखाली चपटा करण्याची रीत रूढ होऊ लागली आणि हे अंतर पुष्कळ कमी झाले. उणेपणा दाण्यात होता, तसा तो हाताळण्याच्या रीतीतही होता.

दरम्यान १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी मिलो व काफिर यांच्या संकरातून नर-वंध्य ज्वारी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. संकरित बियाण्याचा मार्ग खुला झाला, उत्पादन वाढले आणि १९६० च्या दशकात टेक्सासच्या उत्तर भागात गुरे पोसण्याची प्रचंड आवारे उभी राहिली. पुढे ओगलाला या भूजलसाठ्याचे पाणी उपसून तिथेही मका घेतला गेला. आता पाण्याची पातळी खालावल्याने ज्वारीचा विचार पुन्हा होतो आहे.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९६४ मध्ये प्रसारित झालेल्या 'सीएसएच-१' या भारतातील पहिल्या संकरित ज्वारीची मादी-बाजू 'कंबाइन काफिर ६०' ही अमेरिकी ज्वारीच होती. मराठीत 'हायब्रीड' हा शब्द बेचव, बिनकसाचे या अर्थाने रुळला, त्यामागे या ज्वारीच्या भाकरीचा अनुभव आहे. मळणीयंत्राच्या सोयीसाठी बुटका केलेला, गुरांच्या वजनावर पारखला गेलेला वाण भाकरीच्या कसोटीवर कोणी पाहिलाच नव्हता.

तेव्हा 'गुरांचे खाद्य' हे विधान खरे आहे. पण तेवढे ते मक्यालाही लागू आहे. अमेरिकेतील गुरे मकाच अधिक खातात, आणि त्यामुळे मक्याची भाकरी कोणाला अपमानास्पद वाटत नाही. आमच्या मते तो सल धान्याच्या जातीचा नाही. शाळूची चव जाणणाऱ्या माणसाला स्वतःचे धान्य निवडण्याचा अधिकारच उरला नव्हता, याचा तो सल आहे. दुष्काळाच्या कथा-आत्मकथनांत 'मिलो' हा शब्द भेटेल तेव्हा विद्यार्थ्यांनी तो या अर्थानेही वाचावा.