हवेचा पाइप व वाढीव बांधकाम (यवतमाळ जिल्हा)

संडास, न्हाणी आणि मोरीच्या सांडपाण्याच्या पाइपला वरून मोकळी हवा मिळावी आणि मैलाटाकीतला वायू छपराच्या वर निघून जावा, यासाठी उभा केलेला पाइप म्हणजे हवेचा पाइप किंवा व्हेंट पाइप. मूळ घर बांधताना तो बहुधा ठीक बसतो. तक्रारी सुरू होतात त्या पुढे घरावर मजला चढला, जिन्याखाली संडास निघाला किंवा घरकुलाच्या मागे पदरच्या पैशांनी एखादी खोली वाढली की. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस यांसारख्या गावांत भुयारी गटार न पोचलेल्या वस्त्यांमध्ये घरोघरी टाकी आणि शोषखड्डा असतो. त्यामुळे वासाचे मूळही घराच्या आवारातच शोधावे लागते.

प्रत्येक भांड्याखालच्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, थोडे पाणी अडून राहते. पाश्चात्त्य कमोडला ते साधारण 50 मिमी असते, तर ग्रामीण संडासाच्या खोल उताराच्या भांड्याला 20 मिमी पुरते. घर आणि टाकी यांच्यामधला पडदा एवढाच. वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाण्याचा लोट चार इंची पाइपमधून दट्ट्यासारखा खाली येतो. त्याच्या मागे हवा विरळ होते. ती भरून काढायला वरून वाट नसेल, तर जवळच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. लोटाच्या पुढची हवा मात्र दाबली जाते आणि तळाच्या वळणाशी अडून तळमजल्याच्या भांड्यातून बुडबुडे काढते. म्हणूनच मजला चढवल्यावर नवा संडास ठीक आणि वर्षानुवर्षे चाललेला खालचा संडास वास मारणारा, असा प्रकार होतो. घरमालक खालचे भांडे बदलतो, ते वाया जाते. वरून बादली ओतून खालच्या ट्रॅपकडे पाहिले, तर दोष लगेच कळतो. पाणी खाली ओढले गेले तर हवा कमी पडते आहे, उसळले तर दाब वाढतो आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन मोकळा ठेवणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे तळमजल्याचा संडास उभ्या पाइपात न जोडता स्वतंत्र पाइपने चेंबरला नेणे.

टाकीचा हवेचा पाइप ही वेगळी बाब. भारतीय मानक 2470 (भाग 1, 1985) नुसार तो किमान 50 मिमी व्यासाचा हवा. टाकी इमारतीपासून 15 मीटरच्या आत असेल, तर त्याचे तोंड इमारतीच्या माथ्यापेक्षा 2 मीटर वर हवे. लहान प्लॉटवर 15 मीटर सुटतात कुठे? म्हणजे घर वाढले की पाइपही वाढायला हवा, आणि नेमके तेच राहून जाते. जुन्या स्लॅबच्या वर थोडा डोकावणारा पाइप मजला चढल्यावर नव्या शयनगृहाच्या खिडकीशी उघडतो. काही ठिकाणी तो सेंटरिंगच्या आड येतो म्हणून कापतात आणि गिलाव्यात बुजवून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे टाकीवरच खोली बांधून झाकण फरशीखाली घेणे. मिथेन पेट घेणारा आणि हायड्रोजन सल्फाइड विषारी असल्याने अशा बंद टाकीजवळ काडी ओढून तपासणी करणे म्हणजे आफत ओढवून घेणे.

स्वच्छ भारत अभियानात (2014 पासून) 12,000 रुपयांच्या अनुदानातून बांधल्या गेलेल्या दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला टाकीच्या हवेच्या पाइपचा हा नियम लागू नाही. खड्ड्याच्या भिंतीतल्या जाळीतून वायू मातीत शोषला जातो, म्हणून हवेचा पाइप लागतच नाही. तरी सवयीने तो बसवला जातो आणि खऱ्या टाकीला मात्र विसरला जातो.

जिल्ह्याच्या काळ्या मातीचा वासाच्या तक्रारींत मोठा हात आहे, पण दोष देताना तिची आठवण कुणाला होत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या आणि नव्या पायाच्या सांध्यावरून गेलेला पाइप त्यात वर-खाली होतो, ढाळ उलटा पडतो आणि साचलेले पाणी हवेची वाट अडवते. शिवाय भिजलेली काळी माती पाणी शोषत नाही. शोषखड्डा भरला की टाकीतली पातळी चढून आत येणाऱ्या पाइपचे तोंड बुडते. संडास फक्त झडीच्या दिवसांत गुडगुडत असेल, तर आणखी हवेचे पाइप लावून काही साधत नाही. खड्ड्याभोवती 300 मिमी रुंद वाळू-खडीचा थर, तोही खोदतानाच भरलेला, हाच काळ्या मातीतला मान्य उपाय आहे.

उन्हाळ्यात प्रश्न उलटतो. यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी; 2018 च्या टंचाईत ते किती अपुरे पडले ते सर्वांनी अनुभवले. पाणी काही दिवसांच्या अंतराने येते तेव्हा पाहुण्यांसाठी बांधलेली वरची न्हाणी कोरडीच राहते आणि नहाणी ट्रॅपमधले पाणी 45 अंशांच्या आसपासच्या उन्हात उडून जाते. येथे हवेच्या पाइपचा काही दोष नसतो. आठवड्यातून एक तांब्या पाणी ओतले की वास जातो. प्लंबर बोलवायच्या आधी हे करून पाहावे.

टाकीच्या हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची सूचना हिवताप विभाग वारंवार देतो. विदर्भातील इतर अनेक जिल्ह्यांप्रमाणे यवतमाळही हत्तीरोगप्रवण आहे आणि तो पसरवणारा क्युलेक्स डास मैलाटाकीच्या घाण पाण्यात वाढतो. बांधकामात पाइप वाढवताना जुनी जाळी उतरवली जाते. तिच्याऐवजी जाड फडके बांधले, तर डासांबरोबर हवाही अडते; नायलॉनची जाळी पुरते.