घन अन्न गिळण्यातील अडथळा : निदानाचा इतिहास आणि गारखेड्याचा संदर्भ

घास घशाखाली न उतरणे ही तक्रार प्राचीन असली, तरी तिच्यामागील निरनिराळी कारणे ओळखण्याची दृष्टी टप्प्याटप्प्यानेच विकसित झाली. सुश्रुतसंहितेत यासंबंधी एक महत्त्वाचा भेद आढळतो. कंठात अडकलेल्या घासासाठी, रोग्यास कल्पना न देता त्याच्या खांद्यावर मुष्टिप्रहार करावा अथवा त्यास स्नेह, मद्य किंवा पाणी पाजावे, असे सूत्रस्थानात सांगितले आहे. निदानस्थानात मात्र अन्नाची गती रोखणारा ‘वलय’ नावाचा कंठशोथ वर्णिला असून तो असाध्य म्हणून वर्ज्य ठरविला आहे. अकस्मात अडकलेला घास आणि मार्गच रोधणारा रोग हे दोन वेगळे, हे तेव्हाच उमगले होते. उणीव होती ती मार्गाच्या आत पाहण्याच्या साधनाची.

ते साधन युरोपात सिद्ध झाले. १६७४ साली थॉमस विलिस याने अन्ननलिकेचे खालचे टोक न उघडणाऱ्या एका रोग्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टीस स्पंज बांधून त्याने तो मार्ग मोकळा केला होता. १८६८ मध्ये कुसमाउल याने तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या साहाय्याने सरळ नळी अन्नमार्गात उतरवून दाखविली. १९१३ साली हेलर याने विलिसवर्णित विकारावर स्नायुच्छेद केला, तर टोरेक याने कर्करोगग्रस्त अन्ननलिका छातीतून काढली. १९५७ मध्ये हर्शोविट्झ याने लवचीक दुर्बीण प्रचारात आणली.

तथापि साधनांच्या या प्रगतीने रोग्याच्या कथनाचे मोल उणावले नाही. प्रथम घन व नंतर पातळ अन्न अडू लागणे हे मार्ग क्रमाने अरुंद होत असल्याचे, म्हणजे आम्लदाहजन्य आकुंचनाचे अथवा कर्करोगाचे लक्षण होय. घन आणि पातळ दोन्ही आरंभापासून अडत असतील तर स्नायूंच्या गतीचा विकार संभवतो. अधूनमधूनच घास अडणे अन्ननलिकेतील कड्याकडे किंवा ॲलर्जीजन्य दाहाकडे निर्देश करते. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत लोहाच्या अभावाने पातळ पडदा निर्माण होतो. त्याचे वर्णन १९१९ साली पॅटर्सन व केली यांनी केले. उपचारही त्यानुसार भिन्न आहेत : आम्लशामक औषध, लोह, फुग्याने विस्तारण, स्नायुच्छेद, अथवा कर्करोगात शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार.

महाराष्ट्रात या अभ्यासास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने (१९४१) अधिष्ठान दिले. संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. औरंगाबादेत १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि ‘घाटी’ हे मराठवाड्यातील रुग्णांचे प्रमुख आश्रयस्थान बनले. पूर्वी शहरालगतचे खेडे असलेल्या गारखेड्यात १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झाले. शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय कार्यरत झाले. मुंबईची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसण्याची स्थिती त्यामुळे पालटली.

परंतु अंतर कमी झाले म्हणून विलंब आपोआप कमी होत नाही. ज्वारीची भाकरी हे या प्रदेशाचे नित्याचे अन्न. ती उतरेनाशी झाली की दुधात किंवा वरणात कुस्करून खावी, पुढे कण्या, पेज किंवा ताक यांवर भागवावे, हा घरगुती मार्ग स्वाभाविक आणि मायेचाही आहे. मात्र रोग याच क्रमाने पुढे सरकत असतो, आणि अन्न मऊ होत गेल्याने त्याची खूण झाकली जाते. म्हणून भाकरी कुस्करण्याची गरज कधीपासून पडू लागली, हा प्रश्न येथील वैद्याने प्रथम विचारण्याजोगा आहे. असा अडथळा दोन-तीन आठवडे टिकला, वजन घटले किंवा लाळही गिळवेना, तर दुर्बिणीची तपासणी लांबणीवर टाकू नये. लाळ न गिळवणे ही तर तातडीची अवस्था होय. सुश्रुताने असाध्य म्हणून सोडलेल्या रोगवर्गातील काही रोग आज साध्य आहेत, ते वेळीच ओळखले गेले तरच.