उमरखेड विधानसभा मतदारसंघ
उमरखेड विधानसभा मतदारसंघ - ८२ हा यवतमाळ जिल्ह्यातील मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जिल्हा विदर्भातला असला, तरी लोकसभेसाठी हा मतदारसंघ मराठवाड्यातील हिंगोलीला जोडलेला आहे.

आरक्षण लोकसंख्येतील प्रमाणावरून ठरते. मात्र ते उमेदवारीपुरतेच असते. मतदान सर्वच समाज करतात. साहजिकच, केवळ स्वजातीच्या बळावर येथे निवडून येणे अवघड. २००९ मध्ये काँग्रेसचे विजय खडसे विजयी झाले. २०१४, २०१९ व २०२४ मध्ये भाजपचे अनुक्रमे राजेंद्र नजरधने, नामदेव ससाणे व किसन वानखेडे.

लोकसभेचे निकाल निराळे आहेत. हिंगोलीतून २०१४ मध्ये काँग्रेसचे राजीव सातव, तर २०२४ मध्ये शिवसेनेचे (उद्धव बाळासाहेब ठाकरे) नागेश पाटील आष्टीकर निवडून आले. अर्थात, हिंगोलीत नांदेड व हिंगोली जिल्ह्यांतील मतदारही येतात.