नळ्यांचे जाळे आणि त्याची उकल : टर्बो इंजिनांतील दाबनियंत्रणाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारींच्या इंजिनांवर रबरी नळ्या, झडपा आणि विद्युत-चुंबकीय स्विचांचे दाट जाळे पसरले, आणि पुढे तेच जाळे कमी करणे हा गॅरेजांतील एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच कारण होते : इंजिनाकडून होणाऱ्या अपेक्षा वेगाने वाढत गेल्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी अभियंत्यांच्या हाती, वीज व संगणकाचा पूर्ण आधार मिळेपर्यंत, मुख्यतः हवेचा दाब हेच साधन होते.

इंजिनाबाहेर वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर चक्र फिरवून त्याच्या बळावर आत जाणारी हवा दाबून भरण्याच्या, म्हणजेच टर्बोचार्जरच्या, कल्पनेचे एकस्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. जहाजांच्या व विमानांच्या इंजिनांत ही कल्पना आधी रुजली आणि मोटारीत ती १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांतून आली. कॉर्व्हेअरमध्ये दाब मर्यादेत ठेवणारी वेगळी झडपच नव्हती. धुराच्या मार्गातील अडथळ्यावर ते काम सोपवलेले होते. जेटफायरमध्ये मात्र वेस्टगेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर जादा धूर चक्राला वळसा घालून सोडून देणारी झडप, वापरलेली होती, शिवाय दाबलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिन बिघडू नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारण्याची सोयही होती. या अवस्थेत दाबनियंत्रणाची नळी जवळजवळ एकच होती : दाबलेली हवा पडद्यावर आदळे, पडदा स्प्रिंगला मागे रेटी आणि झडप उघडे.

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ मध्ये सादर केलेल्या ९९ टर्बोमध्ये लहान चक्र आणि वेस्टगेट यांच्या जोडीने टर्बोची ताकद रोजच्या रस्त्यावरील कमी फेऱ्यांवर उपलब्ध करून दिली. त्यानंतर १९८२ च्या सुमारास याच कंपनीने एपीसी ही प्रणाली आणली, जिच्यात इंजिनावर बसवलेला संवेदक नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, ओळखून सोलेनॉइड, म्हणजे विद्युत-चुंबकीय, झडपेला संदेश देई. या झडपेला तीन तोंडे होती आणि त्यांवर सी, डब्ल्यू, आर अशी अक्षरे होती : एका तोंडातून हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा दाब येई, दुसऱ्यातून तो वेस्टगेटकडे जाई आणि तिसऱ्यातून उरलेली हवा इंजिनाच्या शोषमार्गात परते. परतीची वाट जितकी मोकळी, तितका वेस्टगेटवर कमी दाब आणि इंजिनात अधिक बूस्ट, म्हणजे भरलेल्या हवेचा जादा दाब, हे सूत्र पुढील बहुतेक सर्व यंत्रणांनी स्वीकारले. पण या सूत्राने नळ्यांची संख्या वाढवली, हेही खरे.

ही वाढ टोकाला पोहोचली ती जपानच्या मझदा कंपनीच्या १९९१ च्या आरएक्स-७ या गाडीत. तिच्या १३०८ घनसेंटिमीटरच्या रोटरी इंजिनाला दोन टर्बो क्रमाने जोडलेले होते : मिनिटाला सुमारे ४५०० फेऱ्यांपर्यंत धूर मुख्यतः पहिल्याच टर्बोकडे जाई, तो टप्पा जवळ येताना थोडा धूर सोडून दुसऱ्याला गती दिली जाई, त्याची दाबलेली हवा तात्पुरती परत वळवली जाई आणि मग क्षणार्धात सगळ्या झडपा आपली बाजू बदलून दोन्ही टर्बो एकत्र कामाला लावीत. काही झडपा निर्वात दाबाने ओढल्या जात, तर काही बूस्टने ढकलल्या जात. आणि इंजिनात बूस्ट असताना तेथे निर्वात दाब मिळत नसल्यामुळे तो आधीच साठवण्यासाठी वेगळी टाकी व एकेरी झडपा लागत. या झडपा चालवणारे सोलेनॉइड शोषनळकांड्याच्या वरच्या भागाखाली ओळीने बसवलेले असल्याने तो भाग उतरवल्याखेरीज तेथे हात पोहोचत नसे, आणि उष्णतेने रबर कडक होऊन एखादी नळी तडकली, तर दुसरा टर्बो जागा होत नसे किंवा दाब मध्येच ढासळे.

यावर मालक व मेकॅनिक यांनी तीन मार्ग काढले. पहिला मार्ग सर्व नळ्या उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या बसवून मूळ यंत्रणा जशीच्या तशी राखण्याचा होता. दुसऱ्यात क्रमाची व्यवस्था काढून दोन्ही टर्बो कायम एकत्र चालवले जात. यामुळे बहुतांश झडपा व नळ्या निघत, पण कमी फेऱ्यांवरील तत्परता गमवावी लागे. तिसऱ्यात दोन्ही टर्बो उतरवून एकच मोठा टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक बूस्ट नियंत्रक बसवला जाई. या जाळ्यातील प्रदूषणनियंत्रणाच्या नळ्या काढणे मात्र निव्वळ तांत्रिक निवड नव्हती, कारण अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार अशा साधनांशी छेडछाड करणे निषिद्ध आहे.

कितीही सुलभीकरण केले तरी काही नळ्या राहतातच. इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढवणाऱ्या नियामकाची नळी आणि इंजिनातील दाब मोजणाऱ्या संवेदकाची नळी या दोन्हींपैकी एक जरी भर बूस्टमध्ये निसटली, तरी इंधन अपुरे पडते, नॉकिंग सुरू होते आणि रोटरी इंजिनात रोटरच्या टोकावरील नाजूक सील क्षणात तुटू शकते. म्हणून या नळ्यांच्या टोकांवर पकड बसवणे हे अनुभवी कारागिराचे पहिले काम असते.

पुढे कारखान्यांनीही नळ्या कमी करण्याचा हाच मार्ग धरला. फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत वेस्टगेट थेट विजेच्या मोटरने हलवला जातो, त्यामुळे दाबाच्या नळीची जागा तारेने घेतली आहे. गॅरेजांतील मंडळींनी हे सुलभीकरण नळ्या काढून केले, कारखान्यांनी ते नळीचे काम दुसऱ्या साधनाकडे सोपवून केले, आणि दोन्हीकडे निकष एकच ठरतो : जी नळी काढायची ती काय करीत होती, हे आधी समजल्याशिवाय काढलेली प्रत्येक नळी इंजिनाच्या आयुष्यातून वजा होते.